थंडी पडल्यावर स्वेटर मागू नये

लोकरीचं विणकाम हे उन्हाळ्याचं आणि पावसाळ्याचं काम आहे. ही साधी गोष्ट आमच्या नात्यागोत्यात आणि शेजारीपाजारी कुणाच्याच ध्यानात राहत नाही. डिसेंबरात गारठ्याच्या दोन पहाटा गेल्या की फोन सुरू होतात. “वहिनी, पोराले एक स्वेटर विणून द्या ना जी. संकरातीपर्यंत झाला तरी चालते.” बोलणारा माणूस मनापासून बोलत असतो, त्याला वाटतं आपण भरपूर मुदत दिली आहे. मुदत भरपूर नाही. ती संपूनच गेलेली आहे.

गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या मुलचेऱ्याची थंडी थोड्या दिवसांची असते. दिवाळी झाली की सकाळी धानाच्या बांध्यांवर धुकं दिसायला लागतं, डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली जातो. फेब्रुवारी अर्धा सरला की पळस फुलतो आणि स्वेटर खुंटीवर जातात. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तेव्हा आमच्याकडेही लोकांनी घरात असतील नसतील ती पांघरुणं बाहेर काढली. त्या आठवड्यात जितक्यांनी मला स्वेटर मागितला, तितक्यांना द्यायचा तर आदल्या होळीपासून सुया हातात धरायला हव्या होत्या. डिसेंबरात सुरू केलेला स्वेटर पळस फुलल्यावर पुरा होतो. मग घेणारा म्हणतो, “उशीर झाला, आता पुढच्या वर्षी घालू.” पुढच्या वर्षी पोराचा हात दोन इंच वाढलेला असतो आणि दोष विणणारीच्या माथी येतो.

विणायला वेळ कधी मिळतो, हे एकदा नीट समजून घ्यावं. पाऊस लागला की पऱ्हे टाकायचे. मग जुलै-ऑगस्टात रोवणी. दिवसभर चिखलात वाकून आलेल्या बाईची बोटं संध्याकाळी पांढरी पडून सुरकुतलेली असतात, त्यांच्यावर कातडीचे बारीक टवके उठलेले असतात आणि लोकरीचा धागा त्या टवक्यांत अडकतो. दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग बांधणी आणि चुरणं. मार्च-एप्रिलात अंधार असताना मोहफुलं वेचायला जायचं, मे महिन्यात तेंदूपत्ता. या सगळ्यातून उरतात त्या उन्हाळ्यातल्या दुपारा, आणि रोवणी आटोपल्यावर पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतचे दिवस. खरं विणकाम तेव्हाच होतं. बाहेर ४५ अंश तापलेलं असतं आणि मांडीवर अर्धा स्वेटर पडलेला असतो. तळहाताला घाम येतो, अॅक्रिलिकचा धागा ओला होऊन सुईला धरतो, टाका पुढे सरकत नाही, बोटानं ढकलावा लागतो. पंखा असला तर बरं, पण उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबून विचारतो, “काऊन बाई, येवढ्या तपनात लोकर घेऊन बसल्या?” मी दर वेळी खरं कारण सांगते. तरी डिसेंबरात फोन तोच येतो.

दुसरी तक्रार मापाची आहे आणि ती मला जास्त लागते. “अंदाजानं विण, तुला तर माहीतच आहे तो,” असं म्हणतात. माणूस माहीत असणं वेगळं, त्याची छाती इंचात माहीत असणं वेगळं. छातीचा घेर, खांदा, काखेपासून खालची उंची, काखेपासून मनगटापर्यंतची बाही आणि गळ्याचा घेर एवढी पाच मापं लागतात. शिंप्याची टेप घेऊन पाच मिनिटांचं काम आहे. टेप नसेल तर दोरी धरावी, दोरीला गाठी माराव्यात आणि ती दोरी पाठवून द्यावी, माझी काही हरकत नाही. ते न करता जुना स्वेटर पाठवतात आणि म्हणतात, याच्या बरोबरीचा कर. तो जुना स्वेटर दोन हिवाळे बादलीत बुचकळून, पिळून, दोरीवर उभा टांगून वाळवलेला असतो. खांदे लोंबलेले, खालची पट्टी पसरलेली, उंची वाढलेली आणि रुंदी आक्रसलेली. त्याच्या बरोबरीचा विणला तर तो कुणालाच यायचा नाही. कानटोपीला डोक्याचा घेर लागतो हे तर लोकांना नवलाचंच वाटतं. टोपी ताणते हे खरं, पण एका इंचापलीकडे ताणली की कपाळावर वळ उठतो आणि पोर ती काढून फेकतं.

माप मिळालं तरी विणीचं गणित राहतंच. १० नंबरच्या सुईवर चार प्लाय लोकरीच्या साध्या विणीत माझ्या हाताला इंचाला ६ टाके आणि ८ ओळी येतात. दुसरीचा हात सैल असेल तर तिला साडेपाचच टाके येतील आणि ४० इंच छातीच्या स्वेटरला एवढ्या फरकानं साडेतीन इंच ढिलाई येते. म्हणून आधी चार बोटं रुंद तुकडा विणून, मोजून घ्यावा लागतो. न्यू जर्सीहून भाची फार हौसेनं नमुने पाठवते, तिचं मला कौतुक आहे. पण तिकडच्या नमुन्यात ८ नंबरची सुई लिहिलेली असते ती ५ मिलिमीटरची, आणि आपल्याकडे ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. आपल्याकडे नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, १० नंबर सव्वातीन मिलिमीटरची. अमेरिकेत नंबराबरोबर सुईही जाड होत जाते. एकच आकडा दोन देशांत दोन जाडीचा, आणि त्यापायी स्वेटरचं पोतं होतं. नमुने छापणाऱ्यांनी आणि पाठवणाऱ्यांनी सुईची जाडी मिलिमीटरमध्ये लिहावी, एवढंच माझं मागणं आहे.

लोकर आणायची ती आलापल्लीहून, अहेरीहून किंवा चंद्रपूरला कुणी जाणार असेल त्याच्या हाती. बहुतेक माल लुधियानाचा, आणि दुकानात लोकर म्हणून मिळते ते खरं म्हणजे अॅक्रिलिक. आपल्याच जिल्ह्यात कुरमार मंडळी मेंढ्या पाळतात, त्या मेंढ्यांची लोकर मिळाली तर मला हवीच असती. पण ती राठ असते, घोंगडीसाठी उत्तम, अंगाला मात्र टोचते. तेव्हा लुधियानाशिवाय इलाज नाही. इथे अडचण येते ती रंगाच्या घाण्याची. गुंड्याच्या कागदी पट्टीवर दोन आकडे असतात, एक रंगाचा आणि एक लॉटचा. रंगाचा आकडा तोच असला तरी लॉट बदलला की छटा बदलते. दुकानातल्या दिव्याखाली दोन्ही गुंडे सारखेच दिसतात, अंगणातल्या उन्हात काखेपासून वरचा भाग वेगळा दिसायला लागतो. म्हणून सगळी लोकर एकदम, एकाच लॉटची घ्यावी लागते, गुंडाभर जास्तीच. कुणाला आणायला सांगितलं तर मी पट्टी कापून सोबत देते, दोन्ही आकडे वाचून दाखवते. माणूस पट्टी खिशात घालतो आणि येताना ‘तसाच’ रंग घेऊन येतो. पट्टी धुण्यात गेलेली असते. दुकानदाराला फोनवर विचारावं तर तो म्हणतो, मरून म्हणजे मरूनच की हो. मरूनचे निदान सहा प्रकार मी स्वतः विणले आहेत.

रंगावरून आठवलं, काळ्याबद्दल सविस्तरच बोलायला हवं. पुरुषांना मळखाऊ रंग हवे असतात आणि संक्रांतीला तर लहानमोठ्या सगळ्यांनाच काळा हवा असतो. संक्रांतीला काळं घालायची आपली रीत आहे, ती मला प्यारी आहे. पहिल्या संक्रांतीच्या बोरन्हाणाला बाळाच्या अंगावर काळं झबलं आणि त्यावर हलव्याचे पांढरे दागिने किती शोभतात ते मला कुणी सांगायला नको. पण काळी लोकर विणणाऱ्या बाईच्या डोळ्यांचाही कुणी विचार करावा. काळ्यात टाका दिसत नाही. सुलट कुठे संपलं आणि उलट कुठे सुरू झालं ते नजरेला कळत नाही, अंगठ्यानं चाचपून ओळखावं लागतं. एखादा टाका सुटून चार ओळी खाली गेला तर फिक्या रंगात शिडी चटकन दिसते. काळ्यात ती दुसऱ्या दिवशी उन्हात धरल्यावर कळते, तोवर वर हातभर वीण झालेली असते. मग क्रोशाची बारीक सुई घालून तो टाका एकेक पायरी वर आणायचा. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडलं की दिवा पिवळा होतो, तेव्हा मी काळं काम बाजूला ठेवते. मांडीवर पांढरा टॉवेल अंथरून त्यावर काळं धरलं तर टाक्यांच्या मधली छिद्रं थोडी दिसतात, ही युक्ती ज्यांना काळंच विणायचं आहे त्यांनी जरूर करावी. पण ज्यांना दुसरा कुठलाही रंग चालण्यासारखा आहे त्यांनी काळा मागू नये. गडद निळा उन्हात निळाच दिसतो आणि मळही तेवढाच खातो.

टाके मोजत असताना बोलू नये. हे सांगायला लागावं याचंच मला वाईट वाटतं. ओठ हलताहेत, बोट सुईवरून सरकतंय, म्हणजे ही बाई मोजते आहे हे दारातूनच दिसतं. तरी, “भाजीले काय केलं आज?” असं विचारतात, आणि उत्तर दिलं नाही तर रागावतात. ११७ वर असताना भाजीचं नाव घेतलं की ११७ गेलंच. मी आता वीस-वीस टाक्यांवर रंगीत धाग्याचा फासा अडकवते, म्हणजे पहिल्यापासून मोजावं लागत नाही. पण ही सोय मला माझ्याच घरात करावी लागली, आणि त्याच घरात पुस्तक वाचणाऱ्याला कुणी हाक मारत नाही. एसटीतही तेच. आष्टीकडून आलापल्लीकडे जाणारा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, त्या खड्ड्यांत टाका आपोआप सुईवरून उतरतो. शेजारच्या प्रवाशानं उतरलेला टाका मायेनं उचलून भलतीकडेच घालून देऊ नये.

आमच्या तालुक्यात विणकामाची खरी परंपरा आहे ती बंगाली घरांत. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना तेव्हाच्या चांदा जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात जमिनी देऊन वसवलं. सुंदरनगर, विवेकानंदपूर ही गावं त्यातलीच. १९८२ साली जिल्हा तुटून गडचिरोली वेगळा झाला, आणि ही गावं गडचिरोलीकडे आली. त्यांच्याकडे दुर्गापूजा झाली की अंगणात चटई पडते आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळ्यांच्या हातात सुया येतात. अवघड वेणीची वीण मला तिथल्या एका मावशींनी शिकवली, शोजा-उल्टो म्हणत, बोटावर बोट ठेवून. गळ्यापासून डोक्यापर्यंत झाकणारी माकडटोपी त्यांच्यासारखी सफाईनं विणणारं मी दुसरं कुणी पाहिलं नाही. गळ्याशी एकही शिवण नाही, गोल सुयांवर सगळी सलग. आजच्या तिथल्या मुली ती टोपी घालायला लाजतात, हे मला अजिबात आवडलेलं नाही. शाळेत पोरं हसतात म्हणे. हसणाऱ्या पोरांना पहाटे साडेपाचला उघड्या गाडीत बसवून घोटपर्यंत न्यावं.

आता किमतीचं बोलते. हिवाळ्यात नागपूर-चंद्रपूरला तिबेटी लोक गरम कपड्यांचा बाजार मांडतात. आपल्या विदर्भातच, गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात, त्यांची नॉर्ग्येलिंग ही वसाहत १९७२ पासून आहे. त्यांच्या बाजाराबद्दल माझी तक्रार नाही. घरदार सोडून आलेली माणसं हिवाळ्याच्या तीन महिन्यांवर वर्ष काढतात, त्यांच्याकडून जरूर घ्यावं. पण त्या बाजारातला बराचसा माल लुधियानाच्या यंत्रावर विणलेला असतो, आणि त्याच्या भावाशी माझ्या हातच्या स्वेटरचा भाव लावतात. “कायले एवढा जीव काढता जी, बजारात तीनशेत भेटते.” हे वाक्य मी भेट हातात देत असताना ऐकलेलं आहे.

हिशोब करून दाखवते. ४० इंच छातीच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला पुढच्या भागाचे १२० टाके, २५ इंच उंचीच्या २०० ओळी. काखेचा आणि गळ्याचा उतार वजा जाता साधारण २१-२२ हजार टाके. मागचा भाग तेवढाच. दोन्ही बाह्या मिळून आणखी २०-२२ हजार. म्हणजे एका स्वेटरला ६०-६५ हजार टाके. सरावलेला हात मिनिटाला २५ ते ३० टाके घालतो. एवढ्याचे झाले चाळीसेक तास, शिवण आणि गळपट्टी वेगळी. आठ तासांचा दिवस धरला तर पाच दिवस. रोजगार हमीची २०२४-२५ ची महाराष्ट्रातली मजुरी दिवसाला २९७ रुपये होती, त्या हिशोबानं नुसती मजुरीच १,४८५ रुपये होते. लोकर माझ्याच पदरची. मी हे पैसे कुणाकडे मागत नाही, कधी मागणारही नाही, भेट ही भेटच आहे. फक्त माझ्या तोंडावर तीनशेचा आकडा घेऊ नये. १९६२ च्या युद्धात देशभरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणून पाठवले. तेव्हा बाजारभाव काय चाललाय असं त्यांना कुणी विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

सगळ्यात निकडीचं विणकाम कुठलं असं मला विचारलं तर मी जागलीच्या टोपीचं नाव घेईन. धान भरात आलं की रानडुकरं येतात आणि घरटी एक माणूस रात्री शेतावर माळ्यावर जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या त्या रात्री बांधावर दंव पडतं, माळ्यावर चारी बाजूंनी वारा लागतो. जिल्ह्यात वाघ आहेत. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून हत्तींचा कळप आला तेव्हापासून उत्तरेकडच्या तालुक्यांत हत्तींचीही धास्ती आहे. अशा माणसाला प्रेमानं जाड कानटोपी विणून देतात आणि तो ती घालत नाही, उशाशी ठेवतो. मग घरचे त्याच्यावर चिडतात, एवढी विणून दिली तरी घालत नाही म्हणून. तो घालणार कशी? कान झाकले की धानातली खसखस ऐकू येत नाही, आणि जागलीवर कानच तर कामाचे. त्याला हवी कान मोकळे सोडणारी टोपी. डोक्यावर दुहेरी वीण, मानेवर पुरेशी खाली उतरणारी मागची पट्टी, आणि कानांच्या जागी दोन-अडीच इंचांची फट. ती फट ठेवायला त्या जागी टाके बंद करायचे आणि पुढच्या ओळीत तेवढेच नवे टाके घालायचे, काजाला करतात तसंच. कडेला क्रोशाची एक ओळ फिरवली की फट पसरत नाही. मी अशा टोप्या दर वर्षी करते. पण मागणी येते ती नेहमीच्या कानटोपीची, कारण मागणारा माणूस घरात निजतो आणि जाणारा माणूस स्वतः काही मागत नाही. ज्याला भेट द्यायची त्यालाच एकदा विचारून घ्यावं. नवऱ्यासाठी मागणाऱ्या बायकांनी तर विचारावंच विचारावं.

शेकोटीचंही सांगून ठेवायला हवं. अॅक्रिलिक आगीजवळ वितळतं. ठिणगी पडली की मेंढीची लोकर सहसा जळत पसरत नाही, अॅक्रिलिकला मात्र लगेच भोक पडतं, कडा टणक होते आणि कातडीला चिकटली तर भाजते. आमच्याकडे पहाटे दारोदारी शेकोट्या असतात, लोक मफलरची दोन टोकं पुढे सोडून वाकून बसतात. मी विणलेल्या मफलरांत भोकं पडून ते परत आले, त्याचं दुःख आहेच, पण माणूस भाजण्याची भीती त्याहून मोठी आहे. म्हणून शेकोटीशी बसताना मफलरची टोकं आत खोचावीत. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवतात तिथे तर अॅक्रिलिकचं दुपटं नकोच. बाळंतविड्याच्या टोपड्या-मोज्यांना मी सुती धागाच वापरते. त्याला ताण कमी असतो, विणायला हात दुखतात, आणि “लोकरीचं का नाही केलं?” असा प्रश्न सासरकडून हमखास येतो. त्याचं उत्तर हेच आहे. शिवाय बाळ येण्याआधी तयारी करू नये म्हणतात, त्यामुळे माप घ्यायला बाळ नसतं आणि बारशाला टोपडं मात्र हवं असतं. जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण १३-१४ इंच असतो, त्या अंदाजानं मी सुती टोपडी आधीच करून ठेवते आणि कुणासाठी आहेत ते सांगत नाही. यात कुणाच्या रीतीला धक्का लागत नाही.

आणि धुणं. कोमट पाण्यात, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, सावलीत आडवं पसरून वाळवायचं. हे मी भेटीबरोबर कागदावर लिहून देते. कागद हरवतो आणि स्वेटर दोरीवर लटकतो. कडक इस्त्री फिरवली तर अॅक्रिलिकचा जीवच जातो, पट्टीचा ताण निघून जातो आणि तो कशानंही परत येत नाही. ट्रंकेत डांबरगोळ्याही घालतात. कसर खाते ती खरी लोकर, निव्वळ अॅक्रिलिकला तिचा धोका नाही. मग जानेवारीभर पोराच्या अंगाला डांबराचा वास कशासाठी?

याहून मला टोचतं ते न घालणं. “इतका सुंदर विणलाय, जपून ठेवलाय हो,” असं फार प्रेमानं सांगतात. कपाट उघडून दाखवतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला, आणि घरातलं पोर अंगणात बनियनवर कुडकुडत उभं असतं. लग्नाकार्याला घालू म्हणतात. आमच्याकडची लग्नं एप्रिल-मे मध्ये असतात.

तेव्हा ज्यांच्या घरी माझ्या हातचं काही ठेवलेलं असेल त्यांनी ते यंदा बाहेर काढावं. बाही आखूड झाली असेल तर टाकून देऊ नये. आमच्या बाह्या मनगटाकडून वर विणलेल्या असतात, त्यामुळे खालून नुसता धागा ओढून त्या उसवत नाहीत. पट्टीच्या वरच्या ओळीतला एक धागा कापून पट्टी सुटी करायची, मोकळे टाके सुईवर घ्यायचे आणि खालच्या दिशेनं तीन इंच विणून नवी पट्टी करायची, एका बाहीला एक दुपार लागते. प्रत्येक स्वेटरची शिल्लक लोकर मी त्याच्या पट्टीसकट, दोन्ही आकड्यांसह जपून ठेवली आहे, लॉटची चिंता नको. फक्त स्वेटर तान्ह्या पोळ्याच्या आत आणून द्यावा, धुऊन, आणि पोराला सोबत आणावं, म्हणजे बाही त्याच्याच हातावर मोजता येईल.